मागचे बोल्ट आवळायचे कधी आणि किती

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळची सात वर्षांची हॅचबॅक. मागच्या बीमचे (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा भाग) दोन्ही बुश (बीम बॉडीला जोडणारे रबरी सांधे) आणि दोन्ही शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) एप्रिलमध्ये बदलले. गणपतीच्या आधीच स्पीडब्रेकरवर ‘कट्’ असा आवाज सुरू झाला. गाडी मागून बोटभर उंच दिसते आणि खाली वाकून पाहिलं तर दोन्ही नव्या बुशांच्या रबराला कडेने चीर गेलेली आहे. गॅरेजवाले म्हणतात, बुशाचा माल खराब. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं आहे ते एवढंच, की पुन्हा बुश बसवताना बोल्ट किती टॉर्कला, म्हणजे पान्याने किती जोराने फिरवून, आवळायचा.

आकड्याकडे येऊच, पण या गाडीचा घोटाळा बहुधा आकड्यात नाही. डावा-उजवा दोन्ही बुश चार महिन्यांत एकाच जागी फाटले आणि वर गाडी मागून उंच राहिली, तर बोल्ट आवळताना चाकं हवेत लोंबत होती असं समजायला हरकत नाही. टॉर्क अगदी पुस्तकाप्रमाणे दिला असला तरी तो चुकीच्या स्थितीत दिला गेला.

जुना बुश फेकून देण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. बाहेर लोखंडी कडं, आत जाड नळी आणि दोघांच्या मध्ये रबर. हे रबर नुसतं कोंबलेलं नसतं, कारखान्यात ते आतल्या-बाहेरच्या लोखंडाला चिकटवून पक्कं केलेलं असतं. बोल्ट आवळला की ब्रॅकेटचे (बुशाला धरणाऱ्या लोखंडी पकडीचे) दोन कान आतल्या नळीला दोन्ही तोंडांवर चिमटून धरतात आणि त्यानंतर ती नळी हलत नाही. पुष्कळांना वाटतं की बुश बोल्टवर दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. तसं होत नाही. चाक वर-खाली होतं तेव्हा फिरण्याचं सगळं काम रबर स्वतः पीळ घेऊन करतं. म्हणजे बोल्ट ज्या क्षणी आवळला, त्या क्षणी आर्म (बुशापासून चाकाकडे जाणारा दांडा) ज्या कोनात होता तो त्या रबराचा ‘शून्य’ झाला. पुढे बुश आयुष्यभर त्या शून्याकडे परत जाण्यासाठी ओढत राहतो.

आता हिशोब करू. बुशापासून चाकाच्या मध्यापर्यंत आर्म ४०० मिलिमीटर धरा. गाडी दोन खांबी लिफ्टवर उचलली की मागची चाकं सहज ८० मिलिमीटर खाली लोंबतात. हा फरक सुमारे ११ ते १२ अंशांचा होतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला आणि गाडी खाली घेतली, की गाडी अंगणात नुसती उभी असतानाही रबराला ११ अंशांचा पीळ बसलेला असतो. मग मागे तीन माणसं बसली, डिकीत सामान भरलं, खड्डा आला आणि चाक आणखी १० अंश वर गेलं, की पीळ २१ अंशांवर जातो. तोच बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळला असता तर रबराने एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला ११ अंश सोसले असते आणि उभ्या गाडीत त्याला पूर्ण आराम मिळाला असता. २१ अंशांची ओढ रोज खाणारं रबर आतल्या नळीच्या कडेपासून सुटायला लागतं. प्रश्नात सांगितलेली चीर तीच. गाडी बोटभर उंच का, याचंही उत्तर इथेच आहे. पिळलेला बुश छोट्या स्प्रिंगसारखा चाकाला खाली ढकलत असतो.

हा नियम मागच्या बाजूच्या प्रत्येक बोल्टला लागू नाही, आणि इथे बरेच जण गोंधळतात. आत चिकटवलेलं रबर आहे आणि आर्म त्याभोवती झुलतो, तिथेच तो लागू: बीमचे पुढचे बुश, ट्रेलिंग आर्म, खालचे-वरचे लिंक, एक्सलला आडवं धरणारी पॅनहार्ड रॉड, शॉकअपचा खालचा डोळा, पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) पुढचा डोळा आणि मागचं शॅकल (पाट्याचं मागचं टोक झुलतं धरणारी जोडपट्टी). ब्रॅकेट बॉडीला धरणारे बोल्ट, हबचे बोल्ट, ब्रेक प्लेटचे बोल्ट हे चाक लोंबत असताना आवळले तरी काही बिघडत नाही. तिथे काही झुलतच नाही. बॉल जॉइंटलाही फरक पडत नाही, कारण तो खरोखर फिरतो. काही जण रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश बसवतात. त्यातली नळी ग्रीसमध्ये मोकळी फिरते, म्हणून तिथे पीळ साठत नाही. पण ग्रीस वाळलं की ते दार करकरावं तसे वाजतात आणि आपल्या पावसात ग्रीस फार काळ टिकत नाही. रोजच्या गाडीला कंपनीचं रबरच बरं.

काम सुरू करण्याआधी एक माप घ्या. गाडी सपाट जागेवर, रिकामी, टायरमध्ये हवा बरोबर. चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि दोन्ही बाजूंचं वेगवेगळं खडूने मडगार्डवरच लिहून ठेवा. समजा ३७५ आलं. नंतर आर्म कुठल्या उंचीला धरायचा याचा हा तुमचा पुरावा. तुमच्या गाडीचं सध्याचं माप मात्र फसवं असणार, कारण बुश पिळलेले आहेत. म्हणून आधी दोन्ही बीम बोल्ट सैल करा, गाडी दोन-चार वेळा मागून दाबून सोडा आणि मग मोजा. सैल केल्यावर गाडी किंचित खाली बसली तर निदान पक्कं झालं.

आपल्याकडच्या अंगणात एक अडचण असते. जांभ्या दगडाचे चिरे बसवलेलं अंगण पावसाचं पाणी निघून जावं म्हणून उतरतं असतं आणि चिऱ्यावर जॅकचा पाय सरकतो. खाली १८ मिलिमीटरचा प्लायवूड किंवा जाड फळी टाका. मागची बाजू उचलायची आहे, आणि बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. चाकं जमिनीवरून सुटली की हँडब्रेक निकामी. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे आणि गाडी गिअरमध्ये ठेवायची. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, स्टँड हवाच. चिरा किंवा सिमेंटचा ब्लॉक स्टँडच्या जागी रचू नका. चिरा दाबाखाली आधी तडकत नाही, एकदम फुटतो.

पिट (गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा) असेल तर प्रश्नच मिटला, कारण गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते. चार खांबी लिफ्टवरही चाकं फळीवर टेकलेली असतात, तिथेही काम सरळ होतं. अडचण फक्त दोन खांबी लिफ्टची आणि घरच्या जॅकची. तिथे सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग सॉकेटने एवढेच आवळा की नट टेकला पण नळी ब्रॅकेटमध्ये हलू शकते. त्यानंतर आर्मखाली, स्प्रिंगच्या बैठकीच्या जागी जॅक लावून खडूने लिहिलेल्या मापापर्यंत उचला आणि तिथे टॉर्क द्या. बीमच्या मधोमध जॅक लावायचा नाही. तो पत्र्याचा दुमडलेला तुकडा असतो, पीळ घेण्यासाठीच बनवलेला. मधून उचलला तर वाकतो आणि पुढे मागची चाकं कायमची तिरपी होतात. एका बाजूला जॅक लावताना दुसरी बाजूही त्याच उंचीला हवी, नाहीतर बीम पिळलेला राहतो आणि एका बुशाचा शून्य वेगळा पडतो. दोन जॅक वापरा.

याहून साधी रीत अशी: बोल्ट नुसते टेकवून गाडी खाली घ्या, हँडब्रेक सोडा, गाडी मीटरभर पुढे-मागे ढकला, मागून चार वेळा जोरात दाबा आणि मग मागची चाकं दोन-दोन जाड फळ्यांवर चढवून खाली सरपटत जाऊन टॉर्क द्या. पुढे-मागे ढकलण्याला अर्थ आहे. गाडी खाली येताना टायर जमिनीवर घासत बाजूला सरकायला बघतात पण सरकू शकत नाहीत आणि सस्पेन्शन थोडं अडकून उंच राहतं. चाक एक फेरा फिरलं की ते सुटतं. सुट्या सस्पेन्शनच्या, म्हणजे प्रत्येक चाकाला वेगळे लिंक असलेल्या मोठ्या गाड्यांत हा फरक दोन-तीन सेंटिमीटरचाही असतो. त्या गाड्यांत काही बोल्टांखाली लांबट, एका बाजूला फुगीर वॉशर असतो. तो चाकाचा कोन ठरवतो. सैल करण्याआधी त्यावर आणि ब्रॅकेटवर रंगाची एकच रेघ मारून ठेवा, परत त्याच रेघेवर आवळा आणि तरीही नंतर अलाइनमेंट करून घ्या.

आता टॉर्क

नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत बोल्ट बदललेला असू शकतो, म्हणून शेजारच्या गाडीचा आकडा उचलू नका. अंदाज असावा म्हणून, कोरड्या आणि स्वच्छ आट्यांवर डोक्यावर ८.८ लिहिलेला एम १० बोल्ट (म्हणजे १० मिलिमीटर जाडीचा) साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर घेतो, एम १२ सुमारे ८० ते ८५ आणि एम १४ सुमारे १३० ते १३५. १०.९ लिहिलेला एम १२ बोल्ट ११५ ते १२० पर्यंत जातो. ८.८ किंवा १०.९ या खुणेतला पहिला आकडा तुटण्याची ताकद सांगतो आणि दुसरा, त्याच्या किती भागावर बोल्ट कायमचा ताणला जातो ते. जुने मिस्त्री ‘आठ किलोचा टॉर्क’ म्हणतात तो किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो. त्याला ९.८ ने गुणलं की न्यूटन-मीटर मिळतात, म्हणजे आठ किलो म्हणजे सुमारे ७८. सॉकेटच्या नंबरवरून बोल्टचं माप ठरवायला जाऊ नका. १७ नंबरचा सॉकेट कुठे एम १० ला बसतो, कुठे एम १२ ला, आणि दोघांच्या टॉर्कमध्ये जवळजवळ दुपटीचा फरक आहे.

किनाऱ्यावरच्या गाडीत मात्र नुसता आकडा पुरत नाही. तुम्ही पान्याला जो जोर देता त्यातला साधारण नव्वद टक्के घर्षणात जातो, अर्धा नटाच्या बैठकीखाली आणि उरलेला आट्यांत. जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. आणि आपल्याला हवा असतो तो हा ताणच, कारण तोच ब्रॅकेटचे कान नळीवर दाबून धरतो. एम १२ बोल्टला ८० न्यूटन-मीटर दिले आणि आटे स्वच्छ, कोरडे असले तर सुमारे ३.४ टनांची पकड बसते. तेच आटे गंजलेले असले तर टॉर्क पाना तोच ‘टक्’ आवाज देतो, पण पकड सव्वादोन टनांच्या आसपासच असते. आणि आटे ग्रीसने माखून दिले तर तीच टक् साडेचार टनांपर्यंत नेते, म्हणजे ८.८ च्या बोल्टला झेपणाऱ्या मर्यादेच्या अगदी जवळ. पाना एकच, आकडा एकच, आणि पकडीत दुपटीचा फरक. मिरकरवाडा किंवा हर्णे बंदरावर मासळी भरणाऱ्या गाडीचा बोल्ट आणि घाटावरच्या गाडीचा बोल्ट यांना डोळे मिटून एकच माप लावता येत नाही ते यामुळे. आधी दोघांचे आटे एका पातळीवर आणायचे, मग आकडा.

म्हणून आटे तारेच्या ब्रशने साफ करा, रॉकेल किंवा ब्रेक क्लीनरने धुवा, कपड्याने कोरडे करा. नवा नट बोटांनी निदान चार-पाच आटे सरळ चढला पाहिजे (आत नायलॉनचं कडं असेल तर त्या कड्यापर्यंत). मध्येच अडकला तर डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. पण गंजाने आट्यांच्या कडा खाल्ल्या असतील, बोल्ट मधे बारीक झाला असेल, तर तो साफ करत बसण्यात अर्थ नाही, नवीन घ्या. नायलॉनचं कडं असलेला नट एकदा काढला की परत वापरू नये. हाताने सरसर फिरला तर त्याची धरण्याची ताकद गेलेली आहे. टॉर्क देऊन पुढे ठरावीक अंश फिरवायला सांगितलेले बोल्ट ताणून बसवलेले असतात, मॅन्युअल बदला म्हणत असेल तर तेही नवीनच.

बदली बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणायची घाई नडते. गाडीतला एम १२ बहुधा १.२५ किंवा १.५ पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये) बारीक आट्यांचा असतो. दुकानात सहज मिळतो तो १.७५ पिचचा. जबरदस्तीने चढवला तर दोन आटे चढतो आणि ब्रॅकेटमधल्या वेल्ड केलेल्या नटाचे आटे घेऊन जातो. मग बॉडी कापून नट बदलण्याची पाळी. डोक्यावर ग्रेड नसलेला बोल्ट सस्पेन्शनमध्ये वापरायचाच नाही.

किनाऱ्यावर अजून एक सल्ला हमखास मिळतो, ‘स्टेनलेसचे टाका, गंजायची भानगडच नको.’ सस्पेन्शनमध्ये स्टेनलेस नको. बाजारात मिळणारा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कलला कायमचा ताणला जातो, तर ८.८ चा ६४० ला. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट जोरात आवळला की आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, अर्ध्यातच. होडीच्या कठड्याला स्टेनलेस छान, गाडीच्या आर्मला नाही. मूळ बोल्टवर जस्ताच्या लेपाचा जो करडा-पिवळसर थर असतो तोच पुरेसा आहे, फक्त गंज साफ करताना तो ब्रशने खरवडून काढू नका.

टॉर्क पान्याबद्दल थोडंसंच. तो त्याच्या मापाच्या साधारण वीस टक्क्यांच्या वर वापरा, म्हणजे २०० चा पाना ४० च्या खाली भरवशाचा नाही. टक् झाली की थांबा. ‘अजून थोडं’ म्हणून दोनदा टक् करण्याची सवय पुष्कळांना असते, ती प्रत्येक वेळी थोडा जादा ताण देते. शेवटची हालचाल सावकाश आणि एकसलग असावी. सॉकेटला सरळ एक्स्टेन्शन लावलं तर आकडा बदलत नाही, पण पान्याच्या पुढे लांबीच्या रेषेत कावळ्याच्या चोचीसारखा जोड लावला तर खरा टॉर्क वाढतो. तो जोड काटकोनात लावा. या पान्याने नट सोडवायचा नाही, आणि काम झालं की माप सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवायचं. वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा आवळून झाल्यावर तपासून घ्यायचा.

हवेच्या गनने मागच्या सस्पेन्शनचा शेवटचा ताण देऊ नये. नट चढवायला गन चालेल. पण गन टॉर्क मोजत नाही, कॉम्प्रेसरची हवा आणि आट्यांचा गंज जो काय देतील तो टॉर्क. गॅरेजमध्ये चाकं लोंबत असताना गनने ‘टर्रर्र’ केलेला बोल्ट एकाच झटक्यात दोन्ही चुका करतो.

जाम झालेला बोल्ट

या किनाऱ्यावर जोर लागतो तो आवळण्यात नाही, सोडवण्यात. नट सुटतो, पण बोल्टचा दांडा बुशाच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. ओळख सोपी: टॉमीने (लांब लोखंडी दांड्याने) बोल्टचं डोकं फिरवलं की थोडं फिरतं, आणि हात सोडला की आपोआप मागे येतं. तो बोल्ट फिरत नाहीये, रबर पीळ घेतंय. आणखी जोर लावला तर रबर फाटेल आणि बोल्ट तसाच राहील. आदल्या रात्री आणि सकाळी गंज सोडवणारं तेल नळीच्या दोन्ही तोंडांवर मारा, डोक्यावर सरळ हातोडीचे ठोके द्या, आधी किंचित आवळून मग सोडवून पाहा. तरीही नसेल हलत तर बुश बदलायचाच आहे असं गृहीत धरून ब्रॅकेटचा कान आणि बुश यांच्या फटीत आरीचं पातं घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. गॅसचा भडका तिथे नेऊ नका. पुष्कळ गाड्यांत प्लॅस्टिकची पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी तिथून वीतभरावर असते.

नवा बोल्ट घालताना दांड्याला, म्हणजे जो भाग नळीच्या आत राहतो फक्त तेवढ्यालाच, ग्रीसचा पातळ हात द्या. आटे आणि नटाची बैठक कोरडी ठेवा. काही मॅन्युअल आट्यांना तेल लावायला सांगतात, तिथे दिलेला आकडा तेल धरूनच असतो, तो तसाच घ्यावा. टॉर्क दिल्यावर बाहेर उरलेल्या आट्यांवर मेणाचा स्प्रे किंवा ग्रीसचा थर मारा. खारी हवा तिथूनच आत शिरते.

बुश प्रेसने बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर द्या, मधल्या नळीवर नाही. नळीवर दाबला तर रबर बसवतानाच आतून सुटतं. बीमच्या बऱ्याच बुशांच्या रबरात एका बाजूला पोकळ्या असतात आणि कड्यावर बाण किंवा खूण असते. ती खूण जुन्या बुशाच्या दिशेलाच हवी. जुना काढण्याआधी बीमवर छिन्नीने बारीक रेघ मारा. खडूची रेघ तेलाने पुसली जाते.

शॉकअपचा वरचा नट वेगळ्या कारणाने बिघडतो. दांडा नटाबरोबर फिरायला लागतो, मग मिस्त्री पकडीने चकचकीत दांडा धरतो. त्या एका ओरखड्याने तेलाचा सील कापला जातो आणि दोन महिन्यांत शॉकअप ओला. दांड्याच्या टोकाला अॅलन कीचं भोक किंवा दोन चपट्या बाजू असतात, तिथे धरा आणि नट रिंग पान्याने फिरवा. रबरी गाद्या असतील तर नट बैठकीला टेकेपर्यंत किंवा मॅन्युअलने सांगितलेले आटे बाहेर येईपर्यंतच. रबर वॉशरच्या बाहेर भजीसारखं फुगलं तर ते दबून मेलं आणि खडबडीत रस्त्यावर डिकीतून खटखट येत राहील. खालच्या डोळ्याचा बोल्ट मात्र बुशाच्याच नियमाने, गाडी चाकांवर.

पाट्याची गाडी असेल तर

प्रश्न हॅचबॅकचा आहे, पण हेच वाचून कुणी आंब्याच्या पेट्या किंवा चिरे वाहणाऱ्या पिकअपला हात घालेल, म्हणून यू-बोल्टचंही (पाट्यांची थप्पी एक्सलला बांधणारा यू आकाराचा बोल्ट) सांगायला हवं. यू-बोल्ट सैल पडला की पाट्यांची थप्पी एक्सलवर सरकते. तिला रोखायला उरतो फक्त मधला सेंटर बोल्ट, आणि तो पाटे एकत्र धरण्यासाठी असतो, ब्रेकचा झटका घेण्यासाठी नाही. तो कातरला की एक्सल एका बाजूला मागे जातो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. भरलेल्या पिकअपला हे करूळ किंवा आंबा घाटाच्या उतारावर झालं तर काय, ते वेगळं सांगायला नको.

पाट्याच्या बैठकीवरचा जाड रंग, गंजाच्या खपल्या, जुनी माती सगळं खरवडून काढा. रंगाचा थर दाबाखाली चेपत जातो आणि आज बरोबर असलेला टॉर्क आठवड्यात उतरतो. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात नीट बसल्याचं बोट घालून पाहा. गाडीचं वजन पाट्यांवर असू द्या. चारही नट हाताने टेकवून चारही टोकांचे बाहेर आलेले आटे समान करा, मग कोपऱ्या-कोपऱ्याने, आधी तिसऱ्या हिश्श्याच्या टॉर्कला, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर यू-बोल्ट एका बाजूला ओढला जातो आणि समोरचा नट टॉर्क दाखवूनही सैल असतो. काढलेला यू-बोल्ट परत लावू नका, तो ताणलेला असतो. ५०० ते १००० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा. हे चुकवायचं नाही. शॅकलचे रबरी बुश वजनावरच आवळायचे. रिकामी की भरलेली, हे पुस्तक सांगेल तसं, आणि बहुतेक पुस्तकं रिकाम्या गाडीचं म्हणतात. मासळीच्या गाडीत बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटीतून नेमकं शॅकल आणि यू-बोल्टवर ठिबकतं. त्या गाडीचा हौदा धुताना नळी खालूनही फिरवा, गोड्या पाण्याने, रोज. वाळूत गाडी घालणाऱ्यांनाही तेच.

नंतर लक्ष कसं ठेवायचं

टॉर्क दिल्या-दिल्या नट आणि ब्रॅकेट यांच्यावरून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. पण पकड रेघ न तुटताही जाऊ शकते, म्हणून वॉशरच्या कडेकडे पाहा. सैल सांध्यात लोखंड लोखंडावर बारीक घासतं आणि कडेतून चहाच्या भुकटीसारखी तांबूस पूड बाहेर येते. आपल्याकडे लाल माती सगळीकडे चिकटते, त्यामुळे फसायला होतं. पाण्याने धुऊन चार दिवस गाडी चालवा. माती असेल तर सगळीकडे सारखी पसरून येईल. घासलेली पूड वॉशरच्या खालून, रेषेसारखी, नेमकी तिथेच परत येते. तिथला बोल्ट नुसता आवळून भागत नाही. काढा, नळीची तोंडं आणि ब्रॅकेटचे कान पाहा, झिजून चकचकीत खोलगट झाले असतील तर नवा टॉर्कही टिकणार नाही.

आवाजाचंही थोडं ऐकायला शिकावं. पुढे जाताना ब्रेक मारला की एकदा ‘कट्’, रिव्हर्सला पुन्हा एकदा ‘कट्’, म्हणजे बीमचा बोल्ट सैल आहे आणि नळी ब्रॅकेटमध्ये मागे-पुढे सरकते. सावकाश स्पीडब्रेकरवर लांबट ‘कुईंऽऽ’, म्हणजे रबर पिळलेलं किंवा कोरडं. बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर सलग ‘खटखट’, बहुधा शॉकअपचा वरचा नट किंवा खालचा डोळा.

तुमच्या गाडीपुरतं: चीर बुशाच्या कडेला वरवरची आहे की रबर नळीपासून सुटलंय ते आधी पाहा. चाकं लोंबत ठेवून बारीक टॉमी फटीत घालून हलवा. चीर उघडून आतलं लोखंड दिसलं तर दोन्ही बुश नवीन लागतील, एकच बदलून चालणार नाही. चीर वरवरची असेल तर बुश न काढता फक्त दोन्ही बीम बोल्ट आणि शॉकअपचे खालचे बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करून दाबून-ढकलून घ्या, नवे नट लावा आणि मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. तासाभराचं काम आहे, बुश अजून बरीच वर्षं देऊ शकतात. गॅरेजमध्येच करून घेणार असाल तर गाडी देताना दोन वाक्यं बोला: ‘शेवटचा टॉर्क पिटवर, चाकांवर उभी असताना द्या’ आणि ‘गनने नको, टॉर्क पान्याने’. काम झाल्यावर गाडी नेण्याआधी टेपने मडगार्डचं माप घ्या. दोन्ही बाजूंत ५ मिलिमीटरहून जास्त फरक दिसला किंवा गाडी अजूनही पूर्वीसारखीच उंच असली, तर बोल्ट पुन्हा सैल करायला सांगा, तिथेच, तेव्हाच.